अर्ज कोणी लिहावा?

२०२४ सालच्या आगमनकाळातील तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानाचा जो उतारा वाचावयाचा होता, त्यात यार्देनच्या काठी योहानाकडे नाना प्रकारचे लोक येतात आणि आपण काय करावे असे त्याला विचारतात. जकातदार विचारतात, तसे शिपाईही विचारतात. योहान त्यांना जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, असे बजावतो आणि शेवटी आपल्या पगारात समाधान मानावयास सांगतो. बेळगाव हे पलटणींचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथेच आहे. आमच्या देवळात बसणाऱ्या कुटुंबांतही कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा जावई गणवेशात असतोच. तेव्हा त्या रविवारी मी शिपायांवरच बोललो आणि जरा अधिकच बोललो. लोभ आणि संतोष यांविषयी सेमिनरीत जे जे शिकलो होतो, ते ते त्यात आले.

मिस्सा आटोपल्यावर एक निवृत्त हवालदार व्हरांड्यात थांबून राहिले. वय सत्तरीच्या पुढे, पाठ अजून ताठ, बोलणे मोजके. लोक पांगल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "फादर, योहानानं पगारात समाधान मानायला सांगिटलं, ते बरोबर. खरं पगार सोडून दुसरं काय सांगायचं असलं, तर शिपायानं ते कुणाकडं सांगायचं? ते काय तुमी आज सांगिटला न्हाईसा."

(आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण', हे वसईकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या प्रश्नाने एक जुनी गोष्ट वर आली होती आणि ती वर आली म्हणजे मला बोलवत नाही. ती गोष्ट आजवर मी छापून सांगितलेली नाही. आज सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असताना, मी निपाणीजवळच्या एका खेड्यात सहायक धर्मगुरू होतो. तेथील एक बाई तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. तिचा धाकटा मुलगा सैन्यात होता, उत्तरेकडच्या सरहद्दीवर. एके दिवशी संध्याकाळी ती त्याचे पत्र घेऊन आली. घरात फोन होता. परंतु फोनवर जे बोलवत नाही ते त्याने कागदावर लिहिले होते. बापाचे आजारपण विकोपाला गेले होते. मुलाने तीनदा रजा मागितली होती आणि तिन्ही वेळा उत्तर आले नव्हते. मधल्या काळात त्याला एका साहेबाच्या घरी बाजारहाट करण्याच्या आणि मुलांना शाळेत पोहोचविण्याच्या कामाला लावले होते, ही गोष्ट त्याला रजेहून अधिक झोंबलेली दिसत होती. पत्राच्या शेवटी त्याने आईला लिहिले होते की, हे फादरांना दाखव आणि वरच्या साहेबांकडे अर्ज कसा करावा, त्यात काय लिहावे, ते विचारून कळव.

त्याने अर्ज मागितला होता. मी लेख लिहिला.

तरुण होतो आणि लेखणीचा अभिमान होता. ते पत्र वाचून माझे रक्त तापले आणि त्याच रात्री मी एका नियतकालिकासाठी चार पाने लिहून काढली. मुलाचे नाव अर्थातच घातले नाही, माझेही टोपणनाव घातले. परंतु गावाचा उल्लेख केला, बापाच्या दुखण्याचा केला, आणि पलटण कोणती हे जाणत्याला सहज ओळखता यावे असे एक वाक्यही लिहिले. ते वाक्य मला फार चांगले साधले आहे असे त्या वेळी वाटले होते. लेख छापून आला. गावात चार लोकांनी वाहवा केली. कोणीतरी, बहुधा चांगल्याच हेतूने, ते कात्रण मुलाच्या युनिटपर्यंत पोहोचविले. मग त्याला उभे करून विचारण्यात आले की, वृत्तपत्राला मजकूर तू दिलास काय? त्याने दिला नव्हता. परंतु मजकूर त्याच्याच पत्रातला होता, हे तो नाकारणार कसा? त्याला ताकीद मिळाली आणि पुढे बढतीच्या वेळी ती आडवी आली, असे मला नंतर समजले. रजा मिळाली ती बाप गेल्यावर. मातीला तो पोहोचला नाही. महिन्याच्या मिस्सेला आला.

त्याची आई माझ्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, लिवलासा तुमी, खरं सही त्याची झाली."

शिपायाला न विचारता त्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ध्यानात ठेवावे, असे मला वाटते. मी तरी ते विसरू शकलेलो नाही.

त्यानंतर मी याविषयीचे कायदे वाचून काढले. ते आधी वाचावयास हवे होते, हे वेगळे सांगावयास नको. आपल्या राज्यघटनेने नागरिकाला भाषणाचे, सभेचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ मध्ये दिले आहे. परंतु अनुच्छेद ३३ म्हणतो की, सैन्यातील माणसांच्या बाबतीत हे हक्क कोठवर चालावेत, हे संसदेने कायद्याने ठरवावे. कारण त्यांच्या हातून कर्तव्य नीट घडले पाहिजे आणि त्यांच्यांत शिस्त राहिली पाहिजे. त्या आधारावर १९५० च्या लष्कर कायद्याच्या कलम २१ ने सरकारला तसे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला, आणि १९५४ च्या नियमांपैकी १९, २० व २१ या तीन नियमांनी ते निर्बंध घातले. पहिला नियम संघटनेविषयी आहे, दुसरा सभा व राजकारण यांविषयी आणि तिसरा वृत्तपत्रांविषयी. परवानगीवाचून शिपायाने युनियनमध्ये जावयाचे नाही, राजकीय सभेला बसावयाचे नाही, नोकरीसंबंधी काही छापावयाचे नाही. हे निर्बंध बंदूक धरणाऱ्यापुरतेच आहेत असेही नाही. सिकंदराबाद व हैदराबाद येथील संरक्षण खात्याच्या ठाण्यांतील स्वयंपाकी, न्हावी, शिंपी, जोडे शिवणारे अशा बिनलष्करी नोकरांनी युनियनचा हक्क मागितला, तेव्हा १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही नकारच दिला. सैन्याच्या पाठोपाठ जाणारी ही माणसे सैन्याच्याच शिस्तीत येतात, असा त्या निकालाचा आशय होता.

आता त्या बाईचे घर डोळ्यांपुढे आणा. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत खोकत काम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायांनी १९८० च्या सुमारास युनियन उभी केली. ही बाई त्या युनियनमध्ये होती, मोर्चात चालली होती, मालकाच्या दारात बसली होती. तिचा नवरा १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींच्या हाकेवर पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांत होता. ते आंदोलन गोळीबाराने मोडले, शेतकऱ्यांचे प्राण गेले. तरी त्या रस्त्यावर बसलो होतो असे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज शेवटपर्यंत चढत असे. अशा आईबापांचा मुलगा! घरात दोघांना ओरडण्याची सवय आणि तिसऱ्याला ब्र काढण्याची सोय नाही. पण ही मनाई त्याने भरतीच्या दिवशी शपथेबरोबर स्वीकारली होती, हेही तितकेच खरे.

आणि ही मनाई मला अन्यायाची वाटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. आमच्या या सीमाभागात राहणाऱ्याला तिचे कारण निराळे समजवावे लागत नाही. दर वर्षी १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूला काळा दिवस पाळला जातो. १९५६ पासूनचे हे दुःख आहे, आणि २००४ पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या धर्मग्रामात मराठी, कोंकणी व कन्नड अशा तिन्ही भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. त्या दिवशी रजेवर आलेला शिपाई, आई मोर्चात गेलेली असली तरी, स्वतः घरात बसतो. त्याने बसावेच. हाती शस्त्र असलेला माणूस रस्त्यावरच्या भांडणात एका बाजूला उभा राहिला, तर दुसऱ्या बाजूने कोणाकडे पाहावे? आम्हा धर्मगुरूंनाही १९८३ च्या धर्मविधिसंहितेने राजकीय पक्षांत आणि कामगार संघटनांच्या नेतृत्वात सक्रिय भाग घेण्यास, विशेष कारणावाचून, मनाई केलेली आहे. कधी कधी ती मनाई जाचते. परंतु माझ्यापुढे तिन्ही भाषांचे लोक निर्धास्तपणे येऊन बसतात, ते तिच्यामुळेच.

मात्र राजकारण वेगळे आणि गाऱ्हाणे वेगळे. मुलगा बापाच्या मरणाला येऊ शकला नाही, यात कोणता पक्ष आला? डाळ पातळ आहे, यात कोणते गुपित आहे? या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे मुंबईने १९४६ साली पाहिले. 'तलवार' ही नौदलाची बिनतारी संदेशाचे शिक्षण देणारी संस्था. तेथील खलाशांच्या तक्रारी निकस अन्नाच्या आणि वरिष्ठांच्या शिवीगाळीच्या होत्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण व काम दोन्ही नाकारले, आणि दोन-तीन दिवसांत हजारो खलाशी व अनेक जहाजे त्यांत सामील झाली. त्यांनी आपली मध्यवर्ती समिती निवडली; हिंदी नौदलातील सामान्य माणसांनी निवडलेले ते बहुधा पहिलेच प्रतिनिधी असतील. मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडले. सरदार वल्लभभाईंच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला त्यांनी शरणागती दिली. त्या उठावात स्वातंत्र्याची आच होती यात संशय नाही, आणि तिचे पोवाडे व्हावेत. परंतु आरंभी तेथे एक ताट होते आणि त्या ताटाविषयी बोलावयाला वेळेवर एकही मोकळे दार नव्हते.

आताचे दार तर खिशातच असते. २०१७ च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलातील तेज बहादूर यादव या शिपायाने आपल्या जेवणाचे चित्रण मोबाईलवरून जगाला दाखविले. (हे दल सैन्याचा भाग नव्हे, ते गृहखात्याखाली येते, पण त्याचीही शिस्त तशीच.) एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच जानेवारीत सरसेनापती बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले आणि जवानांनी समाजमाध्यमांकडे न जाता तेथे लिहावे असे सांगितले. फेब्रुवारीत आणखी एक चित्रफीत प्रसिद्ध झाली, ती आपल्या नाशिकजवळच्या देवळाली छावणीतली. साहेबांच्या घरी सहायकाकडून कोणती कामे करून घेतात, याविषयी जवान बोलत होते, आणि ते छुप्या कॅमेऱ्याने टिपले जात होते. चेहरे झाकलेले होते. त्यांपैकी केरळचा एक लान्स नायक काही दिवसांतच बेपत्ता झाला, आणि २ मार्च रोजी छावणीतील एका ओसाड बराकीत त्याचा मृतदेह सापडला. बातमी करणाऱ्या महिलेवर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली खटला भरण्यात आला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केला. त्या मृत्यूच्या कारणांविषयी मी काही बोलणार नाही. तो अधिकार माझा नाही. परंतु ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. चेहरे झाकले होते, मीही नाव झाकले होते.

हवालदारांच्या प्रश्नाकडे परत येतो. पुढच्या रविवारी मी त्यांना चहाला बोलावले आणि माझी गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "लष्करात दार न्हाई असं न्हाई फादर. दार हाय. खरं दाराशी उभारायला माणूस घाबरतोय." मग त्यांनी मला ते दार दाखविले. लष्कर कायद्याच्या कलम २६ प्रमाणे वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणाऱ्या शिपायाने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे करावी. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. युनिटचा दरबार भरतो, त्यात कमान अधिकारी सर्वांसमक्ष विचारतात की, कोणाची काही अडचण आहे काय? हवालदार हसून म्हणाले की, त्यांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत त्या प्रश्नानंतर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत असे. एकदा एक पोरगा उठला आणि त्याने अंघोळीच्या पाण्याविषयी सांगितले. पाणी आठवड्यात आले. "खरं नंतर त्यो कधी उठला न्हाई," असे म्हणून ते थांबले. का उठला नाही, हे मी विचारले नाही.

न्यायालयाचे दार तर फार उशिरा उघडले. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेवर धड अपील नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपाल सिंग बेदी यांच्या खटल्यात खेद व्यक्त केला. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला तो २००७ साली, आणि ते काम करू लागले २००९ मध्ये. पंचवीस वर्षे म्हणजे एका शिपायाची नोकरी भरती होण्यापासून पेन्शनपर्यंत संपून जाते.

त्या दिवशी बोलण्याच्या ओघात हवालदारांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी माझ्याच गावाकडे नव्या नजरेने पाहू लागलो. पलटणीत बोलता येत नाही, त्यांच्यासाठी पेन्शनवाल्यांनी बोलावयाचे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक निवृत्त हवालदार, दापोलीला राहणारे. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बापांनी व आजांनी मुंबई सैन्यात रक्त सांडले, त्यांच्या मुलांना दार लागले. तेव्हा १८९४ साली वलंगकरांनी सरकारला द्यावयाचा अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्याकडे विनंतीअर्ज पाठविला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज सरली तेव्हा, १९२१ मध्ये, ती मोडली. अर्जदार थकले नाहीत. सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ च्या जुलैत संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि तेथे त्यांनी हाच आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कोठे? येथे, बेळगावात.

म्हणजे १८९४ चा अर्ज बेळगावास पोहोचावयास सत्तेचाळीस वर्षे लागली. ज्या मसुदा समितीने पुढे शिपायाचे हक्क मर्यादित करणारा अनुच्छेद घटनेत घातला, तिचे अध्यक्ष याच सुभेदाराचे चिरंजीव होते, हे मी हवालदारांना म्हणालो. त्यावर ते इतकेच म्हणाले की, सुभेदाराच्या मुलाला शिस्त ठाऊक असणारच, आणि अर्जही.

गेल्या वर्षापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर हवालदार आमच्या व्हरांड्यात एक टेबल मांडून बसतात. ज्यांची मुले सैन्यात आहेत ती माणसे येतात. आमच्याच देवळातली असे नाही, आजूबाजूच्या गल्ल्यांतलीही येतात. कोणाची विधवा-पेन्शन अडलेली असते, कोणाच्या जमिनीच्या कज्जासाठी मुलाला रजा हवी असते. काही अर्ज सैनिक कल्याण कार्यालयाकडे जातात, काही कमान अधिकाऱ्यांकडे. मुलाच्या नोकरीविषयीचे गाऱ्हाणे असेल, तर हवालदार ते कुटुंबाच्या नावाने लिहू देत नाहीत. बाहेरून दडपण आणले असा शिक्का बसतो, म्हणून. ते मुलानेच कलम २६ प्रमाणे कसे लिहावे, एवढेच ते आईबापांना समजावतात, आणि मुलाला आधी फोन करावयास लावतात. "तो हो म्हणाला काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तो मला पंधरा वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर!

इंग्रजी पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात हिंडलग्याकडच्या एका म्हातारीसाठी मी एक पान लिहिले. तिचा मुलगा दोन वर्षे घरी आलेला नाही आणि तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. मुलाला विचारून झाले होते. हवालदारांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले आणि पेन्सिल घेतली. 'दुर्दैवी माता' खोडले. 'निष्ठुर विलंब' खोडला. आरंभीचा माझा एक परिच्छेद सगळाच खोडला. शस्त्रक्रियेची तारीख मी खाली लिहिली होती, ती बाण काढून पहिल्या ओळीत नेली. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता परत लिवा फादर. आणि सही म्हातारीची घ्या."